‘चिरस्मरणे’मधील घर
तत्कालीन दक्षिण कानडा जिल्ह्यातील कय्यूरच्या शेतकरी-उठावावर निरंजन यांनी लिहिलेली ‘चिरस्मरणे’ (१९५५) ही कन्नड कादंबरी म्हैसुरात बसून वाचताना मराठी वाचकाला एक भेद प्रकर्षाने जाणवतो. आपली ऐतिहासिक कादंबरी बहुधा दरबारातून घरात येते; ही घरातून तुरुंगाकडे जाते. २९ मार्च १९४३ रोजी कण्णूरच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. त्यांपैकी अप्पू आणि चिरुकंडन यांना लेखक शाळकरी वयातच आपल्यापुढे आणतो. त्यामुळे हुतात्मे होण्यापूर्वी ते कोणाचे तरी मुलगे असतात. हे यश थोडे नव्हे. परंतु १९४१ मध्ये जमावापुढून पळताना नदीत बुडालेल्या पोलिसालाही घर होते. लेखकाची सहानुभूती शेतकऱ्यांकडे असावी, हे योग्यच; त्या दुसऱ्या घराचा शोक मात्र तिला पेलला आहे, असे मला वाटत नाही.