झाउडरकेर्क, ॲम्स्टरडॅम

झाउडरकेर्क, ॲम्स्टरडॅम : फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मॉने (१८४०–१९२६) याचे तैलचित्र (सु. १८७४, आकारमान सु. ५४ × ६५ सेंमी.). ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया म्यूझियम ऑफ आर्ट या संग्रहालयात आहे. ॲम्स्टरडॅम शहरातील ग्रूनबुर्गवाल या अरुंद कालव्याच्या टोकाशी दिसणारे चर्च हा त्याचा विषय होय. झाउडरकेर्क म्हणजे दक्षिणेकडील चर्च. हेंड्रिक डी केसर (१५६५–१६२१) या वास्तुशिल्पज्ञाने ते १६०३–११ या काळात उभारले. मनोरा १६१४ मध्ये पूर्ण झाला. प्रॉटेस्टंट उपासनेसाठी मुद्दाम बांधलेले हे त्या शहरातील पहिले चर्च.

मॉनेने १८७१ मध्ये हॉलंडमधील झांदाम येथे काही महिने राहून सु. पंचवीस चित्रे रंगविली होती. प्रस्तुत चित्र त्यानंतरच्या ॲम्स्टरडॅम येथील मुक्कामातील असल्याचे सामान्यतः मानतात.

चित्राची रचना वरकरणी परंपरागत आहे. दोन्ही काठांवरील घरांच्या रांगा यथादर्शनाच्या नियमानुसार मागे निमुळत्या होत जातात आणि दृष्टी अखेर मनोऱ्यावर स्थिरावते. डच नगरदृश्यांत ही मांडणी सतराव्या शतकापासून रूढ होती. यान व्हान डर हेडन (१६३७–१७१२) याने अशा दृश्यांतील वीट न्‌ वीट रेखाटली. त्याच्या शांत पाण्यात इमारतींचे प्रतिबिंब आरशातल्याप्रमाणे स्पष्ट उमटते. मॉनेने विटा मोजल्या नाहीत. भिंती, खिडक्या व माणसे त्याने कुंचल्याच्या तुटक फटकाऱ्यांनी केवळ सूचित केली. पाण्यातील मनोरा तर आडव्या फटकाऱ्यांत पूर्णपणे विखुरलेला दिसतो.

वर टप्प्याटप्प्याने निमुळता होत गेलेला, ओळखता येणारा मनोरा आणि खाली रंगांच्या तुकड्यांत विरघळलेली त्याची छाया, यांतील ताण हा या चित्राचा खरा आशय आहे. वास्तू कायम टिकते, तिचे दिसणे मात्र क्षणाक्षणाला पालटते, हे येथे एकाच चौकटीत प्रत्ययास येते. मध्यवर्ती अक्षावर बेतलेली ही रचना प्रेक्षणीय स्थळाच्या ठरावीक दृश्याजवळ जाते, असा आक्षेप घेता येईल व तो काही अंशी खराही आहे. तथापि ही घट्ट चौकट नसती, तर पाण्यावरील अस्थिरता इतकी जाणवली नसती.

पुढे रूआन येथील कॅथीड्रलच्या चित्रमालिकेत (१८९२–९४) मॉनेने दगडी दर्शनी भागच प्रकाशाच्या स्वाधीन केला. तेथे पाण्याची गरज उरली नाही. मात्र प्रकाशाची पालटती रूपे टिपण्यासाठी त्याला तीसहून अधिक चित्रे रंगवावी लागली. त्या मालिकेइतकी धाडसी नसली, तरी प्रस्तुत कृती तिच्या मागील विचाराची पूर्वखूण ठरते. पाण्याने वास्तूचे जे केले, तेच पुढे त्याच्या कुंचल्याने केले.