जो झोपत नाही, त्याच्या भरवशावर

नादिया सॅलोमन यांचे 'गुडनाइट गणेशा' हे इंग्रजी चित्रपुस्तक २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. चित्रे पूनम मिस्त्री यांची आहेत. भारतात आजी-आजोबांच्या घरी आलेली दोन मुले निजण्यापूर्वी घरातल्या-दारातल्या एकेका गोष्टीचा निरोप घेतात, तसाच गणपतीचाही घेतात. कथानक एवढेच. निजेच्या पुस्तकात याहून अधिक कथानक असूही नये. मूल जागेच राहायचे.

शब्दांपेक्षा चित्रे सरस आहेत. ठिपके, रेषा, वेलबुट्टी यांनी मिस्त्री पान असे भरून टाकतात की मुलाचे बोट त्यावर बराच वेळ फिरत राहावे. यातली रात्र भीतिदायक वाटत नाही, रंगांनी दाट वाटते. आजीच्या घराची ऊब यमकांतून कमी आणि या नक्षीतून जास्त येते.

वस्तूंना शुभरात्री म्हणण्याची ही रचना मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या 'गुडनाइट मून' (१९४७) या पुस्तकामुळे जगभर रूढ झाली. त्यात सशाचे पिल्लू खोलीतल्या वस्तूंचा निरोप घेते. देव नाही, सण नाही. म्हणून कोणत्याही घरातले मूल त्या खोलीत सहज शिरते. सॅलोमन यांनी ती खोली एका विशिष्ट घरात नेली. ते घर हिंदू आहे आणि पुस्तकाचे नावच ते सांगते. यात आम्हाला काहीही खटकत नाही. खटकते ती अशा पुस्तकांना सरसकट 'भारतीय संस्कृतीचे बालपुस्तक' म्हणण्याची सवय. ते एका भारतीय घराचे पुस्तक आहे. दुसऱ्या भारतीय घरात निजानीज कशी होते, याचे चित्र अजून काढायचे आहे.

यावर आपल्याकडे एक सोपा उपाय सुचवला जातो : गणपतीच्या जागी मशीद घाला, घंटेच्या जागी अजान, की झाले आपले पुस्तक. आम्हाला हा उपाय मान्य नाही. देवाला शुभरात्री म्हणणे हिंदू घरात स्वाभाविक आहे. पंढरपूरला विठोबाची शेजारती होते, देवाला निजवले जाते. लडिवाळ भक्तीची ती रीत आहे. आमच्या घरात मात्र नानी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आयतुल कुर्सी पढते आणि फुंकर घालते. त्या आयतीत अल्लाहविषयी सांगितले आहे की त्याला ना डुलकी येते, ना झोप. म्हणजे सगळे घर निजते ते एक जण जागा आहे, या भरवशावर. एका पुस्तकात मूल देवाचा निरोप घेऊन झोपेल, दुसऱ्यात देवाच्या स्वाधीन होऊन. नावे बदलून एकाचे दुसरे होत नाही, रचनाच वेगळी लागते.

आतून लिहिले की काय साधते, ते जमीला थॉम्पकिन्स-बिगेलो यांच्या 'मॉमीज खिमार' (२०१८) मध्ये दिसते. एक अमेरिकन मुलगी आईची डोक्यावरची ओढणी घेऊन खेळते, तिला आईचा गंध येतो. तिची एक आजी खिमार घेत नाही, मशिदीत जात नाही, तरी माया तीच. लेखिका कुणाला काही समजावत बसत नाही. आपल्याकडच्या बोधप्रिय बालकथाकारांनी एवढे तरी जरूर पाहावे.

आमच्याजवळ तर शिदोरी जुनी आहे. रिचर्ड ईटन यांनी 'सूफीज ऑफ बीजापूर' (१९७८) या ग्रंथात दखनीतल्या चक्कीनामा, चर्खानामा आणि लोरीनामा या रचनांचा अभ्यास मांडला आहे. दळताना, सूत कातताना, मूल झोपवताना बायकांनी म्हणायची ही गाणी. चक्कीचा खुंटा म्हणजे अलिफ, असे सांगणारी ही परंपरा विजापूरची, म्हणजे सोलापूर-सांगलीच्या उंबऱ्यावरची. लोरीनाम्यात झोपही होती, जिक्रही होता आणि आईही होती. चित्रपुस्तकाला आणखी काय लागते?

अडचण भाषेची आहे, आणि ती खरी आहे. मराठी पुस्तकातली नानी प्रमाण मराठीत अंगाई गाऊ लागली, तर मराठवाड्यातले मूल लगेच ओळखेल की ही आपली नानी नव्हे. तिचे बोलणे दखनीतच ठेवावे; कोकणातल्या नानीचे कोकणीत; निवेदन मराठीत. शाळेतून मराठी आणि घरातून दखनी घेऊन येणारे मूल या दोन्ही भाषा एका पानावर सहज पेलते. संकोच मोठ्यांनाच होतो.

दुसरी अडचण चित्रकाराची. मिस्त्री यांना गणपती काढता आला. आमच्या चित्रकाराला जागा असणारा काढता येणार नाही. त्याने नानी काढावी, मच्छरदाणी, वजूचा लोटा, खुराड्यातली कोंबडी काढावी, एकेकाचे डोळे मिटवत न्यावे. शेवटचे पान गडद निळे, कोरे सोडावे. आणि प्रकाशकाने कागद वाया जातो म्हणून त्यावर आपल्या इतर पुस्तकांची जाहिरात छापू नये.