झेंडा वाचायचा नसतो

नवी मुंबईतल्या शाळांच्या क्रीडादिनी लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या हाऊसचे झेंडे दिसतात. ते लांबून पाहायचे असतात, हेच रंगवणारे विसरतात असे आम्हांस वाटते. १०० मीटरवरून अक्षर ओळखायला निरोगी डोळ्यालाही सुमारे १५ सेंटिमीटर उंची लागते. जोडाक्षराला त्याहून अधिक. तीही कापड ताणलेले असेल तर! खाडीवरच्या वाऱ्यात ते दुमडतेच. मग त्यावर बोधवाक्य कशाला? मराठ्यांच्या भगव्याला अक्षर लागले नाही. रंग आणि दोन टोके पुरली. निळ्यावरचे लाल चित्र उठत नाही, पिवळ्यावरचे काळे उठते. आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले, बहुधा मुलगेच, आपल्याही वर्गात असू शकतात. त्यांना आपला झेंडा सापडावा म्हणून हिरव्यावर एक रुंद पांढरा पट्टा शिवून घ्यावा.