आठ फुटांचा प्रश्न : रस्त्यावरचे छायाचित्र आणि खिशातला कॅमेरा

रस्त्यावर फोटो काढायला छोटा कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा. त्याला समीक्षेत जागा कशाला, असे कोणी म्हणेल. पण कथा-कादंबरीची चर्चा करताना आपण निवेदकाचे स्थान ही गोष्ट सहज मान्य करतो : गोष्ट कोण सांगतो आहे, कुठून सांगतो आहे, समोरच्या पात्राला त्याची चाहूल आहे की नाही. छायाचित्रात हे स्थान शब्दशः मोजता येते, फुटांत. आणि ते बव्हंशी कॅमेरा विकत घेतला त्याच दिवशी ठरून गेलेले असते. म्हणून मला तो प्रश्न दुकानदारावर सोडून द्यावासा वाटत नाही.

या कामासाठी नावाजलेल्या छोट्या कॅमेऱ्यांचे भिंग बदलता येत नाही आणि त्यांना झूमही नसते. रिको कंपनीच्या जीआर मालिकेतल्या कॅमेऱ्यांचे भिंग २८ मिलिमीटरचे, त्याच मालिकेतल्या २०२१ च्या थ्री-एक्स या भावंडाचे ४० चे, फुजीफिल्मच्या एक्स१०० चे ३५ चे. (हे आकडे जुन्या फिल्मच्या चौकटीच्या हिशेबातले; या कॅमेऱ्यांतला सेन्सर त्याहून लहान असतो, पण तुलना याच भाषेत करण्याची रीत आहे.) आता साधे त्रैराशिक मांडू. चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, कॅमेरा आडवा धरलेला, समोर एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा. तो डोक्यापासून पायापर्यंत नेमका चौकटीत बसायला हवा असेल तर ५० मिलिमीटरच्या भिंगाला साडेअकरा फुटांवर उभे राहावे लागते. ४० ला सव्वानऊ, ३५ ला आठ आणि २८ ला फक्त साडेसहा फूट. साडेअकरा फूट म्हणजे गल्लीची पलीकडची बाजू. साडेसहा फुटांवर माणूस आवाज न चढवता तुम्हाला विचारू शकतो, "काय पाहिजे?" भिंग निवडणे म्हणजे हा प्रश्न ऐकू येईल अशा ठिकाणी उभे राहायचे की नाही, हे निवडणे.

छोट्या कॅमेऱ्याचा इतिहास मात्र हा प्रश्न टाळण्याचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. जर्मनीत वेट्झलार इथल्या लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात ओस्कार बार्नाकने सिनेमाची फिल्म आडवी वापरून हातात मावणारा कॅमेरा तयार केला. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' म्हणून लोकांपुढे आला. एका रोलवर ३६ फोटो, तिकाटणे नाही, डोक्यावर काळे कापड नाही. फोटो काढणारा माणूस गर्दीतला एक होऊ शकला तो इथून. आंरी कार्तिए-ब्रेसाँने या कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या चिकटपट्टीने झाकले आणि बहुतेक आयुष्य ५० च्या भिंगाने काढले. साडेअकरा फुटांवरून माणूस आकृती होतो. पायऱ्या, कठडे, सावल्या यांच्या रचनेतला एक घटक होतो. पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा त्याचा १९३२ मधला माणूस जगाला ठाऊक आहे, पण त्या माणसाचा चेहरा कोणालाच ठाऊक नाही आणि फोटोला त्याची गरजही नाही. कुंपणाच्या फटीतून घेतलेला तो फोटो आहे. छायाचित्रकार अक्षरशः कुंपणाच्या अलीकडे आहे. या फोटोत कोणाचे काही हिरावले गेले असे मला वाटत नाही, आणि याचे श्रेय मी छायाचित्रकाराच्या सज्जनपणाइतकेच त्या अंतराला देतो.

आपल्या भाषेत फोटो 'काढतात', चित्र काढावे तसा. अलीकडे, विशेषतः लेखी मराठीत, फोटो 'टिपतात'. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, आणि नेमबाजही सावज टिपतो. १९५२ च्या कार्तिए-ब्रेसाँच्या प्रसिद्ध पुस्तकानंतर निर्णायक क्षणाची जी कल्पना जगभर पसरली, तिचे मराठी रूप हेच क्रियापद असावे. पण यातला कोणता अर्थ आपल्या मनात असतो, हे फोटो पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

न दिसण्याची हौस टोकाला नेली ती वॉकर एव्हान्सने. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तो समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो घेत होता. कॉन्टॅक्स कॅमेरा कोटाखाली, भिंग दोन बटणांच्या मधून डोकावणारे, शटरची तार बाहीतून तळहातापर्यंत आणलेली. इथे अंतर फार नाही. डब्याच्या दोन बाकांमध्ये असते तेवढेच. पण समोरच्याला त्या अंतराचा काही उपयोग नाही, कारण आपला फोटो निघतो आहे हे त्याला माहीतच नाही. ते चेहरे विलक्षण आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. थकलेले, रिकामे, कोणासाठीही न सजवलेले. मात्र हे फोटो पुस्तकरूपाने आले ते १९६६ मध्ये, म्हणजे काढल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. माणसांना न विचारता त्यांचे चेहरे घेतले, याचा संकोच त्या उशिरामागे होता. आजच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या चर्चेत एव्हान्सचा कोट मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. ती पंचवीस वर्षे कोणी सांगत नाही.

एव्हान्सबरोबर कधीकधी हेलन लेव्हिट असे. तिच्या लायकाला काटकोनी व्ह्यूफाइंडर होता. ती पाहते आहे एकीकडे आणि फोटो निघतो आहे दुसरीकडचा. फसवणूक म्हणायची तर तीही फसवणूकच. तरी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलांचे तिचे फोटो पाहताना मला एव्हान्सच्या फोटोंसारखे अवघडायला होत नाही. मुलांचा खेळ आधीच जगासमोर चाललेला असतो, हे एक कारण असेल. दुसरे असे की पुन्हा पुन्हा त्याच वस्त्यांत जाणाऱ्या बाईचे वाकडे भिंग मुलांपासून किती दिवस लपणार? पण हे माझे समाधान पुरते पटणारे नाही, आणि माझ्या मांडणीत लेव्हिट नीट बसत नाही, हे मान्य केलेले बरे.

आता दाइदो मोरियामा, कारण आजचा खिशातला कॅमेरा ज्याच्या नावाने विकला जातो तो हाच. १९३८ चा जन्म. 'प्रोव्होक' या अल्पायुषी जपानी नियतकालिकाच्या वर्तुळातला. खरखरीत, हललेले, धूसर अशा तीन शब्दांत त्या वर्तुळाची शैली सांगितली जाते. १९९६ मध्ये रिकोने जीआर-वन हा फिल्मचा चपटा कॅमेरा काढला आणि पुढे त्या मालिकेशी मोरियामाचे नाव जोडले गेले. हात खाली, चालता चालता, पुष्कळदा व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता फोटो. कार्तिए-ब्रेसाँचे काटेकोर अंतर इथे पार कोसळते. शिंजुकूची गर्दी भिंगावर येऊन आदळते.

हे सगळे न विचारताच होते, मग एव्हान्सचा आक्षेप मोरियामाला का लागू नये? माझे उत्तर त्याच्या खरखरीतपणात आहे. त्याच्या फोटोतला माणूस बहुधा ओळखू येत नाही. अर्धा चेहरा काळोखात विरलेला, उरलेला फिल्मच्या दाण्यांत विखुरलेला. तो जवळ जातो, पण जवळ जाऊन जे आणतो त्यात त्या माणसाची ओळख नसते. असते ती त्या धक्क्याची, त्या रात्रीची. त्याची शैली नकळत समोरच्याचा पडदा राखते.

डिजिटल काळात पद्धत तशीच राहिली आणि पडदा मात्र गेला. २०१३ मध्ये जीआरमध्ये मोठा सेन्सर आला. २०१९ च्या जीआर थ्रीमध्ये २४ मेगापिक्सेल आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे. वजन जेमतेम पाव किलो. त्यातली खरी युक्ती म्हणजे फोकस आधीच ठरवून ठेवण्याची सोय. दोन मीटरवर फोकस बांधला आणि छिद्र एफ-८ वर ठेवले की साधारण एक मीटरपासून रस्त्याच्या पलीकडच्या दुकानापर्यंत सगळे स्पष्ट येते. कॅमेऱ्याला विचार करायला वेळ लागत नाही, माणसाला लागत नाही, शटरचा आवाज होतो न होतो. मोरियामाची झेप तशीच मारायची, पण हाती येते ती पापणीच्या केसापर्यंत स्पष्ट असलेली एक ओळखू येणारी व्यक्ती. तेवढ्यावर तिचा पत्ता काढणेही आज अवघड नाही. हावभाव तोच, कृती वेगळी. मोरियामाचे अनुकरण करणाऱ्या नव्या छायाचित्रकारांचे फोटो मला पुष्कळदा उसने वाटतात ते यामुळे. त्यांनी जोखीम घेतली असे दिसते, पण ती जोखीम दुसऱ्याची असते.

हा पेच एकदा उघडपणे बाहेर आला. फेब्रुवारी २०२० मध्ये एक्स१००-व्ही या कॅमेऱ्याच्या जाहिरातीसाठी फुजीफिल्मने टोकियोच्या रस्त्यांवर काम करणाऱ्या एका छायाचित्रकाराची चित्रफीत प्रसिद्ध केली. समोरून येणाऱ्या माणसांच्या तोंडासमोर तो अचानक कॅमेरा धरतो आणि निघून जातो. टीका इतकी झाली की कंपनीने ती चित्रफीत मागे घेतली. लोकांना खटकले ते फोटो नव्हेत. ते फोटो कसे मिळवले जातात ते दिसणे खटकले. गंमत अशी की जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलमध्ये फोटो काढताना होणारा आवाज बंद करता येत नाही. तसा कायदा नाही, कंपन्यांनी स्वतःहून पाळलेली रीत आहे. आणि त्याच देशातले हे दोन कॅमेरे गाजले ते गुपचूप काम करतात म्हणून.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असा विचार त्या निकालपत्रात आहे. त्याचा अर्थ रस्त्यावर फोटो काढू नका असा नाही. पण 'रस्त्यावर आहे म्हणजे सगळ्यांचे आहे' हे आपल्या छंदवर्गांत सर्रास ऐकू येणारे वाक्य तितके निर्धोक उरत नाही.

मग व्ह्यूफाइंडरचा मुद्दा येतो. एक्स१०० पहिल्यांदा दाखवला गेला २०१० मध्ये. त्याच्या डोळ्याला लावायच्या खिडकीतून पाहिले की फोटोची चौकट आणि चौकटीबाहेरचे थोडे जगही दिसते. डावीकडून कोण येतो आहे ते आधी कळते. रिकोला खिडकी नाही, फक्त मागचा पडदा. आजवर मी खिडकीच्या बाजूने बोलत आलो, आणि कारण रचनेचे नव्हते. कॅमेरा डोळ्याला लावणे ही जगभर समजणारी खूण आहे : मी फोटो काढतो आहे. समोरचा मान फिरवू शकतो, हात आडवा धरू शकतो, हसू शकतो. कमरेजवळच्या कॅमेऱ्यापुढे त्याला यातले काहीच करता येत नाही.

हे मत थोडे हलले ते पुण्याच्या मंडईत. मित्राचा रिको हातात होता आणि मी नेमके तेच केले ज्यावर वर टीका केली आहे. पाच-सहा फुटांवरून, कमरेच्या उंचीवरून, मिरच्यांच्या ढिगामागे बसलेल्या बाईंचा फोटो घेतला. त्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "काढला ना फोटो? मग दाखवा की." पडदा होताच, दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. "तोंड वाकडं आलंय." खरेच आले होते, २८ चे भिंग चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणते. "नीट काढा." पदर सारखा केला, ताठ बसल्या, थेट भिंगात पाहिले. मी दुसरा काढला. तो त्यांनी पसंत केला आणि म्हणाल्या, "पहिला पुसून टाका."

मी पुसला. रस्त्यावरच्या फोटोच्या सगळ्या निकषांवर पहिला चांगला होता : हातातली नाणी, गिऱ्हाइकाचा अर्धा खांदा, मिरच्यांचा हिरवा कोपरा. दुसरा म्हणजे आधार कार्डाला चालेल असा. पण पहिल्याला दुसरा जाब विचारतो, हे मला त्या पडद्यामुळे कळले. फिल्म असती तर पहिलाच उरला असता आणि मी तो एखाद्या अंकाला पाठवलाही असता. कॅमेरा डोळ्याला असता तर माझे तोंड त्यामागे असते आणि त्या बोलल्या असत्या की नाही, सांगता येत नाही. म्हणजे खिडकी फोटोआधी विचारण्याची संधी देते आणि पडदा फोटोनंतर. दोन्ही देणारा कॅमेरा जड होतो : २०२४ चा एक्स१००-सिक्स अर्ध्या किलोच्या वर आहे. शिवाय त्याचे ४० मेगापिक्सेल ही नवी पळवाट आहे. ३५ ने घेतलेला फोटो कापून ५० चा केला तरी वीसेक मेगापिक्सेल उरतात, ७० चा केला तरी दहा. म्हणजे दूर उभे राहून जवळ असल्याचा आव आणता येतो, आणि एकाच भिंगाच्या शिस्तीचे जे गोडवे आपण गातो ते पोकळ होतात.

दुकानात गेलात तर आधी मेगापिक्सेल विचारू नका. कॅमेरा हातात घ्या, विक्रेत्याला उभे राहायला सांगा आणि तो पायापर्यंत चौकटीत बसेल इतके मागे या. मग दोन पावले पुढे जा. कुठल्या अंतरावर तुम्हाला काहीतरी बोलावेसे वाटते, ते पाहा. माझ्या बाबतीत ते आठ फुटांच्या आसपास निघाले, म्हणून मी ३५ वर थांबलो, तोही जुना, वापरलेला. तुमचे साडेसहा निघाले तर रिको स्वस्त पडेल आणि खिशातही मावेल.