तळ्यावरचं आभाळ आणि आपले कॅमेरे

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या या सरोवराचे फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला की हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात, आणि पाऊस पडून पाणी सौम्य झालं की तळाशी बसतात. म्हणजे तो रंग ऋतूने आणलेला होता. फोटोंत मात्र ऋतू औषधालाही नव्हता. बरेचसे कड्यावरून किंवा ड्रोनने काढलेले, काहींचे रंग गडद केलेले. त्या दिवसांत वर आभाळ कसं होतं, हे त्यातून कळत नाही.

आपल्याकडच्या आभाळाच्या छायाचित्रणाची आजची गत हीच आहे. सूर्यास्त हवा, वीज हवी, इंद्रधनुष्य हवं. चैत्र-वैशाखातलं धुळीने पांढुरकं झालेलं आभाळ, श्रावणातली चार दिवसांची झड, पौषातल्या सकाळी पाण्यावर टेकलेलं धुकं, यांच्याकडे कॅमेरा वळत नाही. आणि वर्षातले बहुतेक दिवस तर असेच असतात.

आभाळ टिपणं कधीच सोपं नव्हतं. जुन्या निगेटिव्हच्या काचांना निळा रंग अति भावायचा, त्यामुळे ढग पांढऱ्यात विरघळायचे. म्हणून १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी जोडून चित्रं केली. ती साधनाची अडचण होती. ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आभाळ बदलण्याची सोय आली, तेव्हा तशी कुठलीच अडचण नव्हती. लोणार गुलाबी झालं त्याच वर्षी कुठल्याही तळ्यावर कुठलंही आभाळ चिकटवता येऊ लागलं. माझ्या मते हे या कलेचं मोठं नुकसान आहे, कारण आभाळाच्या फोटोची सगळी किंमत ‘ते त्या वेळी तिथे होतं’ या एका गोष्टीत आहे.

फोनही कमी नाही. तो एका क्लिकला अनेक चौकटी घेऊन जोडतो, काळोखी उजळतो, उजेड दाबतो. वळवाच्या आभाळात तर काळोखीच सगळं काही असते. ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदकडच्या एका छोट्या धरणाच्या काठावर मी उभा होतो. उत्तरेला डोंगरावर जांभळट काळे ढग, पश्चिमेकडून ढगांखालून आलेली उन्हाची तिरीप, तिच्यात एकच बाभूळ पेटल्यासारखी पिवळी. पाणी अर्धं शाईसारखं, अर्धं पितळेसारखं. फोनने त्याचा सपाट करडा रंग केला. पडद्यावर ढगावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढली, तेव्हा कुठे ढगाला त्याचं वजन आलं.

अमेरिकेत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराने १९२२ पासून दहा-बारा वर्षं, बरंचसं लेक जॉर्ज या एकाच तळ्याच्या परिसरात, ढगांचे फोटो काढले. घर तेच, डोंगर तेच, आभाळ रोज नवं. आपल्याकडे उणीव आहे ती या चिकाटीची.

वास्तविक आभाळाकडे टक लावून पाहणं जळगाव जामोद तालुक्याला नवं नाही. तिथल्या भेंडवळ गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळं, त्यावर पाण्याचा करवा, भोवती धान्यं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला भाकीत. विज्ञानाचा त्याला आधार नाही. पण पाऊस लोकांसाठी काय आहे, हे तिथे जमलेल्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं, आणि तो चेहरा तळ्याकाठच्या फोटोंत येत नाही. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. खरडून गेलेली शेतं फोटोंत दिसली, तो पूर आणणारं आभाळ फारसं कुणाकडे नाही. लोणारमध्ये अलीकडे पाणी वाढून काठावरची जुनी देवळं बुडू लागल्याच्या बातम्या आल्या. दरवर्षी एकाच दगडावरून काढलेला एक फोटो असता, तर पाणी कधीपासून आणि किती चढलं हे कुणालाही दाखवता आलं असतं.

म्हणून कॅमेरा किंवा फोन असलेल्या प्रत्येकाला विनंती आहे. जवळच्या तलावाच्या काठावर एक जागा ठरवा. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं आहेत, प्रत्येक नक्षत्र लागेल त्या दिवशी तिथूनच एक फोटो काढा, आभाळ कसंही असो. रंग वाढवू नका, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं.