बालू नावाचं अस्वल

हिंदीतला ‘भालू’ किपलिंगच्या इंग्रजीत शिरला तेव्हा त्याच्यातला ‘ह’ गळाला. हॉलिवूडमध्ये तो नाचायला शिकला. तिथून मराठी चित्रपुस्तकात परतला तो ‘बालू’ होऊन, आळीतल्या बाळूकाकांचा कुणी लांबचा नातेवाईक वाटावा असा. आधी अभिजात पुस्तक, मग त्यावरचा अ‍ॅनिमेशनपट आणि शेवटी त्या चित्रपटावरून मुलांसाठी केलेलं गुळगुळीत पानांचं पुस्तक, हा सगळा प्रवास या एका नावात दिसतो.

अशी पुस्तकं मूळ साहित्यकृतीशी बेइमानी करतात, हा नेहमीचा आक्षेप. मला तो पटत नाही. १८९४ च्या ‘द जंगल बुक’मधला बलू जंगलाचे कायदे घोकून घेणारा, छडीऐवजी पंजा चालवणारा मास्तर आहे, मोगलीच्या अंगावरचे वळ पाहून बगीरा त्याची कानउघाडणी करतो. ‘का’ हा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा मित्र. आणि त्या माकडांना राजाच नाही, हीच तर किपलिंगची खोच. १९६७ च्या डिस्नेपटात बलू ऐदी, गाणारा-बजावणारा गडी झाला, ‘का’च्या डोळ्यांत कपट आलं, माकडांना लुई नावाचा राजा मिळाला. पटकथाकार लॅरी क्लेमन्स यांच्या हाती पुस्तक देताना वॉल्ट डिस्ने यांनी ‘हे वाचू नका’ असं बजावल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. मोडतोड झाली ती इथे, आणि तिच्यातून एक झकास चित्रपट उभा राहिला. चित्रपुस्तकाच्या वाट्याला आली ती त्याची नक्कल. माझी तक्रार उलटी आहे: ही पुस्तकं फार इमानी असतात, पण चित्रपटाशी.

पडद्यावर बलू झाडाला पाठ घासतो तेव्हा त्यात ताल असतो, अंगाचं वजन असतं, आवाज असतो. पानावर उरतं ते ‘बालू आनंदाने गाऊ लागला’. गाणं गेलं, वेग गेला, आणि त्या रिकाम्या जागी लिहिणाऱ्याने स्वतःचं काहीच ठेवलं नाही. वाक्यं प्रसंगांची नुसती हजेरी घेतात: मग मोगली पळाला, मग त्याला अमका भेटला, मग तमका. चित्रं हाताने झाकून मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. दुसऱ्याच पानाला ऐकणारं मूल तो हात बाजूला सारतं, आणि बरोबरच करतं.

‘पिनोकिओ’त तर निवेदक आयता मिळाला होता. कोलोदीच्या पुस्तकात (१८८३) उपदेश करणारा रातकिडा सुरुवातीलाच हातोडीच्या घावाने मरतो. १९४० च्या चित्रपटाने त्याला जिवंत ठेवलं, छत्री दिली आणि गोष्ट त्याच्याच तोंडून सांगितली. एवढा बोलका किडा हाताशी असताना मी चाळलेली पुस्तकं मात्र त्याला कोपऱ्यात बसवून शाळेच्या वाचनमालेच्या सुरात बोलतात.

पूर्वी निदान चित्रांचं तरी असं नव्हतं. अमेरिकेत १९४२ साली ‘लिटल गोल्डन बुक्स’ निघाली, किंमत २५ सेंट. डिस्नेच्या गोल्डन पुस्तकांसाठी स्टुडिओतलेच चित्रकार पुन्हा ब्रश हातात घेत. रेटा स्कॉट हे नाव इथे घ्यायलाच हवं. ‘बॅम्बी’तल्या शिकारी कुत्र्यांना त्यांनी पडद्यावर धावायला लावलं, डिस्नेच्या चित्रपटात अ‍ॅनिमेटर म्हणून श्रेय मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढे ‘सिंड्रेला’च्या गोल्डन पुस्तकाची चित्रं त्यांनी केली. ती चित्रपटाशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणूनच ती पुस्तकाची वाटतात. आता संगणकावरची चौकट उचलून थेट पानावर येते. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, सगळीकडे पात्र एकसारखं दिसायला हवं. पुस्तक हे त्याच रांगेतलं.

कात्री लावण्याबद्दल मराठी वाचकाने नाक मुरडू नये. ज्यूल व्हर्न आपल्या कित्येक पिढ्यांना भेटला तो भा. रा. भागवतांच्या हातून, आणि भागवत खुशाल काटछाट करत. पण सांगणारा माणूस शेजारी बसलेला आहे, हे त्यांच्या प्रत्येक पानावर कळतं. चित्रपटावरून केलेल्या मराठी पुस्तकांत असा माणूस सापडत नाही. ‘तो खूप उत्साहित होता’ हे कुठल्या घरात बोललं जातं?

किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्याच्या जंगलाला पत्ता आहे: सिवनीचे डोंगर, वैनगंगेचं खोरं. तीच वैनगंगा पुढे भंडारा, गडचिरोलीकडे येते. तिच्या काठच्या एखाद्या मुलीच्या हातात हे मराठी पुस्तक पडलं, तर मोगली आणि बलू ज्या पाण्यातून तरंगत जातात त्याखाली तिला नुसतं ‘नदी’ असं लिहिलेलं दिसेल.