दादा कोंडके आणि आपले हसणे

आपल्या मंडळाच्या मागील मासिक बैठकीत मराठी विनोद या विषयावर चर्चा झाली. चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे ही नावे क्रमाने आली, आणि बेळगावच्या रावसाहेबांचा उल्लेख निघताच नेहमीप्रमाणे सभागृहात हशा पिकला. मग एका तरुण सभासदाने दादा कोंडके यांचे नाव घेतले. पुढच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळी एकाएकी घड्याळाकडे पाहू लागली. मागच्या रांगेत मात्र दोघे-तिघे तोंडावर रुमाल धरून हसत होते. आम्ही पुढच्या रांगेत होतो आणि आम्हीही घड्याळाकडे पाहिले, हे प्रथमच कबूल करून टाकतो. केशवापुरातील घरी परतेपर्यंत त्या घड्याळाकडे पाहण्याची लाज वाटू लागली होती. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

दादांच्या चित्रपटांविषयी दोनच पक्ष आढळतात. एक त्यांची आरती करतो. दुसऱ्याला, ह्यात हसण्यासारखे काय आहे, हेच उमगत नाही. मधली, म्हणजे 'बरा होता' असे म्हणणारी माणसे जवळजवळ नाहीत. भक्तमंडळी लगेच सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा आणि गिनीज बुकातील नोंदीचा दाखला देतात. तो दाखला आम्ही बाजूला ठेवतो; गर्दीने रस सिद्ध होत नाही. दुसरा पक्ष 'अश्लील' हा एकच शब्द उच्चारून मोकळा होतो. तोही आम्हांस पुरेसा वाटत नाही, आणि का वाटत नाही त्याचे कारण खुद्द रावसाहेबच आहेत.

पु. लं.च्या 'गणगोत'मधील रावसाहेब आठवा. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवण्यासाठी पु. ल. बेळगावास आले, त्या वास्तव्यात लाभलेला हा मित्र. त्या गृहस्थाच्या तोंडी शिवी नाही असे वाक्य शोधावे लागेल. तरीही आपल्या घरांतून ते व्यक्तिचित्र मुलाबाळांसह ऐकले गेले, आजही ऐकले जाते. आमच्या वडिलांनी आम्हांस 1971 साली 'सोंगाड्या'चे नावही घरात काढू दिले नव्हते. तेच वडील रावसाहेबांच्या शिव्यांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. तेव्हा शिवराळपणाला किंवा ग्राम्यतेला आपला विरोध आहे, हे म्हणणे खरे नव्हे. रावसाहेबांची मराठी कानडी हेल काढणारी, म्हणजे आपल्याच ओसरीवरची होती. शिवाय ती शिवी आपल्यापर्यंत एका सुसंस्कृत लेखकाच्या हातून, धुऊन-पुसून आली होती. दादा मध्यस्थावाचून आले.

दादांचा विनोद कोठून आला हे पाहिल्याशिवाय त्याचे मर्म कळत नाही. कृष्णा कोंडके यांचा जन्म 1932 सालचा, मुंबईच्या नायगावातील गिरणी कामगाराच्या घरातला. घराण्याचे गाव भोरकडील. सेवादलाच्या कलापथकातून ते रंगभूमीवर आले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या 1965 च्या वगनाट्यातील हवालदाराने त्यांना नाव दिले. ते पाहून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकर यांच्याकडे त्यांची शिफारस केली, आणि भालजींच्या 'तांबडी माती' (1969) मधून ते पडद्यावर आले. 1971 चा 'सोंगाड्या' हा त्यांची स्वतःची निर्मिती. कथा सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. 'पांडू हवालदार' (1975) पासून दिग्दर्शनही त्यांनी स्वतःकडे घेतले.

म्हणजे मूळ तमाशाचे. तमाशाच्या गौळणीत पुरुषाने वठवलेली मावशी कृष्णाशी जे बोलते, त्यात भक्ती आणि चावटपणा यांची सीमारेषा मुद्दामच पुसलेली असते. सोंगाड्याचे काम वेड पांघरून शहाण्यांचे उणे दाखवण्याचे. दादांनी हाच सोंगाड्या उचलला, त्याला गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी घातली, तिची नाडी लोंबती सोडली, आणि रत्नमाला यांच्या रूपाने त्याच्या डोक्यावर एक करडी 'आये' बसवली. 'सोंगाड्या'तला नाम्या आईच्या धाकातले भोळे पोर. तमाशा पाहायला जातो आणि स्वतःच तमाशाचा होऊन बसतो.

आता ह्या नायकाच्या बोलण्याची रीत पाहावी. तो एक साधे वाक्य बोलतो. चेहरा कोरा. त्याला दुसरा अर्थ ठाऊकच नाही. दुसरा अर्थ बोलणाऱ्याजवळ नसतोच. तो प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो, आणि हसू येते ते त्या क्षणी पकडले गेल्याचे. एरवीचा विनोदकार विनोद सांगतो आणि आपण तो ऐकतो. येथे पात्र निष्पाप राहते, आणि पाप श्रोत्याच्या पदरात पडते. हसणे म्हणजे 'मला कळले' अशी चारचौघांत दिलेली कबुली होय. ज्याला ती देण्यात कमीपणा वाटत नाही तो खळखळून हसतो, इतकेच नव्हे, शेजारी बसलेला अनोळखी माणूसही हसला हे पाहून त्याच्याशी नाते जोडतो. ज्याला ही कबुली द्यायची नसते त्याला 'कळलेच नाही' असे म्हणावे लागते. आमच्या मते दादांच्या भक्तांची निष्ठा आणि इतरांचा अचंबा ही दोन्ही ह्या एकाच युक्तीची फळे आहेत.

पण हे अर्धेच उत्तर झाले. काहींना खरोखरच कळत नाही. आणि त्या वर्गात आपण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हुबळी-धारवाडास स्थायिक झालेली घराणी, मोडतो.

आम्ही दादांचा पहिला चित्रपट पाहिला तो 1976 च्या सुमारास, बेळगावी, मामेभावांबरोबर आणि अर्थातच वडिलांच्या नकळत. 'पांडू हवालदार'. चित्रपटगृह हास्याने दणाणत होते, आणि आम्ही, शाळेत मराठी वाचनाची बक्षिसे मिळवलेले, अर्ध्या ठिकाणी मामेभावांच्या तोंडाकडे पाहून हसत होतो. अंगात भिनलेला संकोच हे त्याचे एक कारण. पण त्याहून मोठे कारण असे की, ती मराठी आम्हांस येत नव्हती. आपली मराठी देवघरातली, स्वयंपाकघरातली आणि ग्रंथालयातली. शेताच्या बांधावर, बाजारात, कज्जेदलालीत, गड्याला हाक मारताना आपण कानडी बोलत आलो. मराठीचा जो भाग मातीत लोळतो, तो आपल्याकडे शिल्लकच राहिला नाही. द्वयर्थाला दोन अर्थ लागतात. आपल्याकडे बहुतेक शब्दांचा एकच अर्थ होता, आणि तोही कोशातला.

ह्याचा पुरावा कानडीत सापडतो. 1984 साली काशीनाथ यांचा 'अनुभव' हा कानडी चित्रपट आला. हाही दिग्दर्शक स्वतःच नायक झालेला, नायकासारखा न दिसणारा, आणि त्याच्याही चित्रपटांवर चावटपणाचा शिक्का बसलेला. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. कचेरीतील मित्रांबरोबर तो पाहिला आणि पोटभर हसलो. कोणी मामेभाऊ लागला नाही. ज्या चावटपणावर मराठीत आम्ही नाक मुरडत होतो, तोच कानडीत आम्हांस खमंग लागला. कानडी ही आमची रस्त्यावरची भाषा होती, तिची अब्रू राखण्याची जबाबदारी आमच्यावर नव्हती. मराठीची होती. परमुलखात आलेल्या घराण्याने भाषेला सोवळे नेसवले, आणि सोवळ्यातल्या भाषेला हसता येत नाही.

आमच्या घरात ह्याला एक अपवाद होता. आमच्या काकू लग्न होऊन आल्या त्या सातारा जिल्ह्यातील एका लहान खेड्यातून. आचार-विचार कडक, एकादशी कधी चुकली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुतण्यांनी व्हिडिओवर 'सोंगाड्या' लावला, तेव्हा त्या उठून जातील अशी आमची खात्री होती. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, आणि पदर तोंडाला लावून अशा हसू लागल्या की, आम्हीच अवघडलो. मागाहून म्हणाल्या, "अरे, आमच्या मळ्यावरचे गडी असंच बोलायचे. तुम्हा हुबळीकरांना नाही कळायचं ते." आमच्या पदवीला त्या दिवशी उत्तर नव्हते.

दुसरे उदाहरण आमच्या कचेरीच्या वाहनचालकाचे. हुबळीतल्याच मराठा कुटुंबातला, शिक्षण सारे कानडी शाळेत, मराठी वाचता येत नसे. परंतु 'पांडू हवालदार'मधील अशोक सराफ यांचा लाचखाऊ सखाराम हवालदार त्याला मुखोद्गत. दौऱ्यावर असताना एखाद्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग लागली की, तो सखाराम होऊन दोन वाक्ये टाकी. आम्ही गंभीर बसून राहत असू. एकदा त्याने आरशातून आमच्याकडे पाहत विचारले, "साहेब, तुम्ही मराठीच ना?" प्रश्नात खोच नव्हती. जन्मभर मराठीची सेवा केल्याचा आमचा समज मात्र त्या आरशात तडकला. शासकीय नोकरीत तीन दशकांहून अधिक काळ काढल्यावर आज सांगतो: खाकी अंगावर चढली की माणसाची बोली कशी बदलते, हे दाखवण्यात तो चित्रपट अनेक गंभीर कादंबऱ्यांच्या पुढे आहे. भोळा पांडू आणि पोचलेला सखाराम ही जोडी आम्ही प्रत्येक खात्यात पाहिली.

भक्तांच्या निष्ठेचे आणखी एक कारण मुंबईत आहे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात 'सोंगाड्या'ला डावलून देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शिवसेनेने हस्तक्षेप केला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. तिच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. आम्हांस त्यात गिरणगाव दिसते. सातारा, कोल्हापूर, कोकण येथून आलेला कामगार चाळीच्या खोलीत राहत होता. त्याचे गाव सुटले होते, पण गावची बोली अंगावर ताजी होती. दादांनी त्याला ती तीन तासांपुरती परत दिली. आपलेही गाव सुटलेले, पण ते पेशवाईत किंवा रेल्वेच्या आरंभकाळी. त्या बोलीची आपल्याला आठवणही नाही, मग ती परत मिळाल्याचा आनंद कोठून होणार?

अमेरिकेच्या जेरी लुईस यांचे उदाहरण येथे लोक हटकून देतात. मायदेशातील समीक्षकांनी पोरकट ठरवलेल्या या नटाला फ्रान्सने डोक्यावर घेतले, 1984 साली 'लेजियन ऑफ ऑनर' दिला, आणि अमेरिकन माणूस अजूनही त्याचे नवल करतो. पण तो विनोद शरीराचा, तोंडे वेडीवाकडी करण्याचा. तो समुद्र ओलांडू शकतो. दादांचा विनोद भीमा-कृष्णा ओलांडतानाच धापा टाकतो. त्यांचे हिंदी चित्रपट पाहावेत. 'तेरे मेरे बीच में' (1984) आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (1986) यांनी तिकीटबारीवर काय कमावले ते असो, त्यांत नुसती शीर्षकाची कोटी उरते. ती बोलणारे गाव नाही, आये नाही, तमाशाचा फड नाही. कोणत्याही गावचा नसलेला माणूस चावट बोलू लागला की, तो फक्त चावटच राहतो.

भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सगळेच चित्रपट 'सोंगाड्या' नव्हेत. 'आली अंगावर' (1982) आला तेव्हा दादांनी पन्नाशी गाठली होती, आणि तरीही तेच भोळे पोर, तीच नाडी. भोळेपणा ही त्या विनोदाची किल्ली होती. पुढे पुढे तो भोळेपणा प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावू लागला. ज्या क्षणी नायकालाच दुसरा अर्थ ठाऊक असल्याचे दिसते, त्या क्षणी पाप त्याच्या पदरात परत जाते, आणि मग उरते ती समोरच्या स्त्रीची टिंगल. उषा चव्हाण यांच्यासारखी नायकाला तोडीस तोड उत्तर देणारी अभिनेत्री समोर असताना सवाल-जवाब रंगतो. ती बरोबरी संपली की, आमच्या काकूही दारातून आत निघून गेल्या असत्या, असा आमचा तर्क आहे. उत्तरकाळातील चित्रपटांना जे अश्लील म्हणतात त्यांच्याशी आमचा वाद नाही. 'सोंगाड्या' आणि 'पांडू हवालदार' न पाहता म्हणतात त्यांच्याशी आहे.

बैठकीनंतरच्या रविवारी बंगळूरहून नात आली होती. तिच्या हातातील फोनवरच आम्ही 'सोंगाड्या' लावला. तिला चड्डी पाहून हसू आले, बोलणे एकही कळले नाही. "आजोबा, ह्यात काय आहे?" असे तिने विचारले. चित्र थांबवून आम्ही एका वाक्याचा अर्थ सांगू लागलो. मराठीत सांगता सांगता अडलो; आमच्या मराठीत तशा बोलण्याला शब्दच सापडेना. मग गावाकडच्या कानडीत सांगितला. ती हसली, आणि आतून तिच्या आजीचा आवाज आला की, पोरीला हे काय शिकवता आहात.